फाटकावरची खुंटी

बाबांची चार जाड चाकांची उघडी एटीव्ही घरून बागेत जायची ती मधला डांबरी रस्ता ओलांडून. वाहतूक पोलिसात असलेल्या लेकीने एकदा त्यांना तिथेच विनाहेल्मेट अडवलं आणि सख्ख्या बापाचीही भीड न ठेवता दंड केला.

"रस्ता सरकारचा, म्हणून घालेन," बाबा म्हणाले. "फाटकाच्या आत बाग माझी आणि डोकंही माझंच. तिथे तुझी शिट्टी नको, पोरी."

"निदान रस्त्यावर तरी घाला," ती हसून म्हणाली. काढलेलं हेल्मेट ते चिखलात टाकतील, म्हणून तिनेच फाटकाच्या खांबाला खुंटी ठोकून दिली. त्यानंतर बाबांनी नियम कधी मोडला नाही. रस्ता ओलांडला की हेल्मेट खुंटीला अडकवायचे आणि पुढे जायचे.

आज बागेतल्या उतारावर गाडी उलटली. बाबांच्या चेहऱ्यावरून चादर ओढून तिचा सहकारी फाटकापाशी आला.

"मार फक्त डोक्याला आहे, मॅडम. बाकी अंगावर ओरखडाही नाही. हेल्मेट नव्हतं का त्यांच्याकडे?"

"होतं," ती म्हणाली.

ज्या खांबाला टेकून ती उभी होती, त्याच्याच खुंटीवर ते लटकत होतं.