हातात नाचणारं स्टिअरिंग

"हे ऐकून गुंबातला लामासुद्धा मला थापाड्या म्हणेल, मग तुमची काय कथा," हर्कजित राई म्हणाला आणि शेडमधल्या जुन्या टायरवर ऐसपैस बसला. "काला पोखरीच्या उतारावर या गाडीचं स्टिअरिंग असं नाचलं, असं नाचलं, की माझ्या तोंडातली कवळी उडून समोरच्या काचेला चिकटली. आणि तिथून मलाच हसायला लागली."

"कवळी कधीपासून घालता, हर्के दाइ?" शेजारच्या टपरीतून चहा घेऊन आलेल्या फुल्मायाने विचारलं.

"त्याच दिवशी सोडली. इतकी बेइमान वस्तू कोण तोंडात ठेवेल?"

फुल्माया हसली. गाडीखाली आडवा पडलेला बिर्खमान हसला नाही. हर्कजितचा हा धाकटा भाऊ सकाळपासून त्या थरथरीच्या मागे लागला होता. गाडीचं तोंड जॅकवर उचललेलं होतं. चाक वर-खाली धरून हलवून झालं, डावी-उजवीकडून हलवून झालं. स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं घट्ट, बेअरिंगं घट्ट, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट घट्ट. टायरही बदलून पाहिले. मग गाडी गावातून मेघमापर्यंत चढवून परत आणली, तर ती शहाण्या गाईसारखी गुमान चालली.

एके काळी डोंगरावरच्या चारही चाकांनी ओढणाऱ्या सगळ्या जुन्या गाड्यांची दुखणी याच पत्र्याखाली निघत. मग एकेकाने नवी गाडी घेतली आणि नव्या गाड्या नव्या गॅरेजात गेल्या. आता इथे ही एकच येते, वडलांची. ती येते म्हणून बिर्खमान रोज शेड उघडतो, हत्यारं पुसून ओळीने मांडतो.

आणि हर्कजित ती विकायचा शब्द देऊन आला होता. गैरीबासला बटाटे पोचवतो सांगून बुधवारी तो खाली सिलिगुडीला उतरला होता. एका चहामळ्याच्या मालकाला विमानतळावरून पाहुणे आणायला अशीच जुनी, ऐटबाज गाडी हवी होती. मालक शेजारी बसला, दोघं सपाट रस्त्याला लागले, आणि तिथे स्टिअरिंगने जे नाचायचं ते नाचून घेतलं. "एवढं नीट करून शनिवारी घेऊन या," मालक म्हणाला. आज शुक्रवार. ही गाडी नीट करणारा माणूस अख्ख्या डोंगरावर एकच होता. त्याला खरं सांगायला हर्कजितची जीभ उचलत नव्हती, खोटं सांगायला मात्र ती जन्मापासून तयार होती.

"दाइ," गाडीखालून आवाज आला, "उतारावर म्हणालास ना? ब्रेक दाबलेला होता?"

"ब्रेक दाबायला पाय मोकळा हवा ना! मागे अस्वल लागलं होतं."

"अस्वल बरं," फुल्माया म्हणाली. "मागच्या खेपेला बिबळ्या होता."

"बिबळ्या पुढे होता, बहिणी. अस्वल मागे. मधे मी, आणि मागच्या बाकावर एक जपानी म्हातारी डोळे मिटून जप करतेय. तिला वाटलं, भूकंप झाला."

"थरथर कशाने थांबली?"

"वेग कमी केला तशी गेली. जशी आली तशी गेली."

"खड्ड्यात चाक आपटल्यावर सुरू झाली?"

"हां, अगदी. बारकासा खड्डा. मग जे सुरू झालं!" हर्कजितला आता सूर सापडला होता. त्याने दोन्ही मुठी हवेत धरून गदागदा हलवल्या. दुखरा उजवा खांदा कळवळला, तरी थांबला नाही. "मी म्हटलं, हर्के, आज तू संपलास. अस्वलाचा श्वास मानेवर येतोय. मी ॲक्सिलरेटर दाबला तो दाबलाच. काटा सरकतोय, सरकतोय, पन्नासवर गेला! अस्वलसुद्धा धापा टाकत खाली बसलं!"

फुल्माया पदर तोंडाला लावून हसत सुटली. गाडीखाली पाना ठेवल्याचा आवाज झाला.

बिर्खमान सरपटत बाहेर आला. त्याने चहाचा पेला घेतला नाही. चिंध्यांनी एकेक बोट पुसत तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसला.

"दसऱ्याच्या आधी तुझा खांदा धरला होता," तो म्हणाला. "वळणावर स्टिअरिंग ओढवत नाही म्हणत होतास. तेव्हा मी दोन्ही किंगपिनांवर, चाकं वळतात त्या खुंट्यांवर, एकेक पातळ पत्री जास्त घातली. तुला सांगितलं नाही. स्टिअरिंग फुलासारखं हलकं झालं की नाही?"

"झालं तर. मला वाटलं, खांदाच बरा झाला."

"पत्री जास्त घातली की पिन सैल राहते. वेग वाढला की चाकं थडथडणार, मला ठाऊक होतं. पण म्हटलं, आपल्याला कुठे वेगात जायचंय." त्याने चाकावर तळहात ठेवला. "त्या दोन पत्र्या काढल्या की तासाभरात थरथर गेली. उद्या कितीही पळव."

हर्कजितच्या मुठी अजून हवेतच होत्या. त्या कशा खाली घ्याव्यात ते त्याला सुचेना.

"मग काढ की," तो शेवटी म्हणाला. "त्या अस्वलाचा काही भरवसा नाही."

फुल्मायाने हसायला तोंड उघडलं आणि बिर्खमानकडे पाहून मिटून घेतलं.

"चढताना पंधरा, उतरताना दहा," बिर्खमान म्हणाला. "बाबांनीही कधी वीस ओलांडले नाहीत. आपल्या डोंगरावर पन्नास आहे कुठे, दाइ?"