भाषेपुरतं

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला आणि पहिलीच ओळ तिनं ओळखली. ते वाक्य तिचं होतं. ‘उपचार पूर्ण करणाऱ्या एकाही रुग्णाला पुन्हा चक्कर आली नाही.’

“नवं संशोधन आहे, वयस्कर माणसांच्या चक्करेवरचं,” डॉक्टर म्हणाले. “आजोबांना आजपासून ही गोळी सुरू करू.”

शेजारी बसलेल्या बाबांचा चेहरा उजळला. कित्येक महिने भिंत धरून चालणारा माणूस. बाजार सुटला, मित्र सुटले, अंघोळीला जाताना दाराला कडी लावायची नाही असा घरात हुकूम. त्यांना ती गोळी हवी होती. ती का नको, हे तिला ठाऊक होतं आणि सांगायची मात्र सोय नव्हती.

संशोधकांचे लेख छापायला जाण्याआधी त्यांची भाषा सुधारून द्यायची, हा तिच्या कंपनीचा धंदा. लेख कुणाचा, त्यात काय आहे, याबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही, असं तिनं सही करून दिलेलं. हा लेख आला तेव्हा त्यात सुरुवातीला साठ रुग्ण होते आणि शेवटच्या तक्त्यात एकेचाळीस. तिनं समासात विचारलं, ‘उरलेले कुठे गेले?’ लेखकाचं उत्तर आलं, ‘भाषेपुरतं बघा.’ तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उत्तराला तीन उद्गारचिन्हं होती. सवयीनं तिनं त्यातली दोन खोडली आणि तणतणत मुदतमास्तरांच्या खोलीत गेली. साहेबांचं हे नाव सगळ्या ऑफिसनं मिळून ठेवलेलं.

“आपण आशयाला हात लावत नाही,” मुदतमास्तर घड्याळाकडे बघत म्हणाले. “हीच तर आपली नीती!”

नीती म्हणे! एरवी नीतीशी ज्याचं उभं वाकडं, त्याला अंग काढून घ्यायची वेळ आली की ती बरोबर आठवते. लेखक म्हणतो भाषेपुरतं बघा, साहेब मुदतीपुरतं बघतात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. सांगून सांगून तिचं तोंड दुखलं. शेवटी तिनं एकेक वाक्य घासूनपुसून लख्ख केलं, शंका होत्या तशा समासात ठेवल्या आणि लेख पाठवून दिला. समास काही छापला जात नाही. पण आपण विचारलं होतं, आपले हात स्वच्छ आहेत, एवढं समाधान तिनं करून घेतलं.

आता मात्र तिचा संयम संपला. नोकरी गेली तर गेली.

“बाबांना ही गोळी नको,” ती म्हणाली. “या लेखातले एकोणीस रुग्ण गायब आहेत, डॉक्टर. मी लेखकाला तीनदा विचारलं होतं. याची भाषा मीच सुधारलीय.”

“अगं, इथेही चुका काढतेस?” बाबा कळवळून म्हणाले. “घरी औषधांच्या खोक्यांवरचं शुद्धलेखन तपासतेस, तेवढं पुरे नाही का?”

डॉक्टर आता फाडकन काहीतरी बोलणार, म्हणून ती भांडायच्या तयारीनं बसली. पण झालं भलतंच. त्यांनी लेख खाली सरकवला, शेवटच्या तक्त्यावर बोट ठेवून एकेक आकडा मिळवला. मग वर जाऊन साठ हा आकडा पुन्हा वाचला. चिठ्ठीवर लिहिलेलं गोळीचं नाव त्यांनी खोडलं.

“छापण्याआधी हा लेख तपासायला माझ्याकडेच आला होता,” ते म्हणाले. “तेव्हा वाचताना मी सारखा अडखळत होतो. मला वाटलं, भाषा वाईट आहे. म्हणून शेरा मारला, ‘भाषा नीट करून आणा.’”

“मग?”

“मग तुम्ही ती इतकी नीट केलीत, ताई, की दुसऱ्यांदा मी कुठे अडखळलोच नाही.”