सोळात नक्को

"येते ना मॅडम, बसस्टॉपवरच उभी आहे," शर्वरी फोनवर म्हणाली. "त्याआधी एक सांगा. पगार किती देणार?"

शेजारी उभ्या असलेल्या अप्पारावांच्या हातून छत्री निसटली.

कोठीच्या स्टॉपवर सकाळची गर्दी होती. बाप-लेक मुलाखतीला निघाले होते, माधापूरच्या एका नव्या हॉस्पिटलात. शर्वरी फिजिओथेरपिस्ट. दिलसुखनगरला ती जिथं काम करायची ते क्लिनिक बंद पडलं, आणि तेव्हापासून घर अप्पारावांच्या पेन्शनवर चाललं होतं. हे हॉस्पिटल श्रीनिवासरावांच्या जावयाचं. श्रीनिवासराव म्हणजे कोर्टाच्या कचेरीतले अप्पारावांचे जुने साहेब. त्यांनी जावयाकडे शब्द टाकला, म्हणून तर हे बोलावणं आलं होतं.

"आल्यावर बोलू, असं तुम्ही परवाही म्हणालात," शर्वरी म्हणत होती. "मेसेज करूनही विचारलं मी. आता तरी सांगा." मग ती ऐकत राहिली. "सोळा हजार? पहिलं वर्ष ट्रेनिंगचं? मॅडम, सहा वर्षं मी आडवे पडलेले पेशंट चालते करतेय. मला कसलं ट्रेनिंग?"

अप्पारावांनी हातानं खुणावलं, पुरे. तिनं पाहिलं नाही की पाहून न पाहिल्यासारखं केलं, कोण जाणे.

"मग मी येत नाही. तुमचा वेळ नको वाया जायला. थँक्यू."

तेवढ्यात माधापूरची बस आली. दोघांच्या समोर थांबली, खचाखच भरली आणि निघून गेली.

"अगं, मुलाखतीच्या आधी पगार विचारतात का?" अप्पाराव कसेबसे म्हणाले. "आपल्यात कुणी विचारलाय आजवर? लोक काय म्हणतील? कायकू इतकी घाई? जाऊन तर यायचं होतं!"

"जाऊन आले असते, तर हो म्हणून आले असते बाबा." शर्वरीनं खाली पडलेली छत्री उचलून त्यांच्या हातात दिली. "एवढ्या लांब जायचं. मग ते गोड बोलून बसवणार, चहा पाजणार, श्रीनिवासकाकांचं नाव काढणार. तिथं बसून नाही म्हणायला मला जमलं नसतं. इथून जमतं."

 तसला चहा अप्पाराव जन्मभर प्यायले होते.

पाचच मिनिटांत अप्पारावांचा फोन वाजला. श्रीनिवासरावांचा. त्यांचा फोन अप्पाराव नेहमी उभं राहून घेत, घरी असले तरी. आता उभेच होते.

"अप्पाराव, हे काय ऐकतोय मी?" श्रीनिवासरावांचा आवाज मोठा, शेजारच्यालाही ऐकू जावा असा. "आधी पगार, मग मुलाखत? जावयासमोर मान खाली घालायला लावलीत माझी."

"हौ साहेब," अप्पाराव सवयीनं म्हणाले.

"पोर आहे, चुकली असेल. तिला म्हणावं, फोन करून सॉरी म्हण आणि पुढच्या बसनं ये. मी सांभाळून घेतो."

अप्पारावांनी लेकीकडे पाहिलं. तिला सगळं ऐकू येत होतं. पण ती रागावली नव्हती, विनवतही नव्हती. बाबा 'हौ'च म्हणणार हे धरून चालून तिनं नजर रस्त्याकडे वळवली होती, पुढची बस दिसते का ते बघायला. ते वळणं अप्पारावांना सोसवलं नाही.

"चुकली नाही साहेब," ते म्हणाले.  "विचारायचं तेच विचारलं तिनं. मी इथंच होतो उभा. सोळात नक्को."

शर्वरीनं गर्रकन मान वळवली.

"नक्को?" पलीकडून आवाज चढला. "घरी बसलीय ना पोरगी? आणि सोळा नक्को? मग किती पाहिजेत तिला? मोठी राणी लागून गेलीय का?"

अप्पारावांनी फोनवर तळवा ठेवला. "किती?" त्यांनी हळूच विचारलं.

"बत्तीस," शर्वरी तितक्याच हळू म्हणाली.

त्यांनी तळवा काढला. छत्री काखेत मारली. आणि कोर्टात पुकारा करावा तशा आवाजात, स्टॉपवरची माणसं वळून बघतील असं, म्हणाले, "पस्तीस हजार, साहेब. पहिल्या महिन्यापासून. ट्रेनिंग-बिनिंग काही नाही. जावईबापूंना जमत असेल तर तसं लिहून पाठवायला सांगा. मग येईल ती मुलाखतीला."

 "विचारतो," एवढंच म्हणून श्रीनिवासरावांनी फोन ठेवला.

अप्पारावांनी फोन खिशात टाकला.  दोघं सुलतान बाजारच्या रस्त्यानं घराकडे चालू लागले. थोडं पुढं गेल्यावर शर्वरी म्हणाली, "बाबा, मी बत्तीस म्हटलं होतं."

"ऐकलं मी," अप्पाराव म्हणाले. "पण राणी म्हणाले ना ते तुला? बत्तीसमध्ये राणी येते का कुठं?"