तेहतीसवरचा खटका

“आता चेलो एकटा राहील,” श्रीधर पांढरीपांडे हळूच म्हणाला आणि त्याने हातातल्या कागदावर बोट ठेवले. “पान दुसरं. इथे जरा श्वास रोखून ऐका. इथे ती रडते.”

समोर सहा खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यांतल्या पाच रिकाम्या होत्या. सहावीवर देवाजी बसला होता. लकडगंजच्या एका बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवणारा, पन्नाशीचा माणूस. प्रतापनगरच्या वाचनालयाच्या फळ्यावर श्रीधरने महिनाभर सूचना लावली होती : ‘चार वाद्यांचे विलायती संगीत कसे ऐकावे. रविवारी सकाळी दहा वाजता. चहा मिळेल.’ चहाचे आमिष दाखवूनही शेजारपाजारचे कोणी फिरकले नाही.

चार पानांचे टिपण श्रीधरने स्वतः लिहिले होते आणि सायक्लोस्टाइल करून आणले होते. दोन व्हायोलिने, एक व्हायोला, एक चेलो. पहिले व्हायोलिन म्हणजे घरातली बाई, बोलणारी ती. दुसरे तिला हो ला हो म्हणते. व्हायोला मधूनच काहीतरी पुटपुटतो. आणि चेलो म्हणजे गावाला गेलेला नवरा, त्याचा आवाज लांबून येतो. कितव्या मिनिटाला कोण काय म्हणते, हुंदका कुठे येतो, सगळे बारकाईने नोंदवलेले. संगीतातले ओ की ठो न कळणाऱ्या माणसाने पाच वर्षे एकच तबकडी ऐकली, तर दुसरे काय होणार?

तबकडी चारुशीलेची, त्याच्या बायकोची. तिच्या भावाने जबलपूरहून प्लेअरबरोबर पाठवलेली. ती असताना श्रीधरने ही तबकडी एकदाही ऐकली नव्हती. तो रेल्वेच्या टपालडब्यात पत्रे निवडण्याच्या कामावर होता. महिन्यातले निम्मे दिवस गाडीतच जायचे. ती गेल्यावर तबकडीच्या कागदी पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा सापडल्या. तिच्या बारीक अक्षरात, शंभरावर. श्रीधरने आपल्या ड्यूटीच्या जुन्या डायऱ्या काढल्या आणि ताडून पाहिल्या. एकूण एक तारीख तो गाडीवर असतानाची निघाली.

मग त्याने तबकडी लावली. ते जड, फरफटत चाललेले सूर ऐकून त्याच्या काळजात चर्र झाले. आपल्यामागे हिने अशा दुपारी काढल्या. आपण परत आलो की हसून पाण्याचा तांब्या पुढे करायची, आणि आपल्याला कधी काही कळले नाही. तेव्हापासून तो ऐकत होता. तिने एकटीने जे सोसले ते निदान समजून घ्यावे, आणि एका तरी माणसाने ते ऐकून ‘हो, ती रडते आहे’ म्हणावे, एवढेच त्याला हवे होते. मघाशी चहा घेताना त्याने देवाजीला हे सगळे सांगूनही टाकले होते.

तबकडी संपली. देवाजीने टिपण गुडघ्यावर ठेवले.

“भाऊ, राग नका मानू,” तो म्हणाला. “पण हे लोक असे काहून वाजवून राहिले? वाजवणाऱ्याचा हात इतका जड नसते.”

“दुःखाचं संगीत आहे ते, देवाजी.”

“दुःखाचं मले समजते. मी वरातीत वाजवतो आन् मयतीतही वाजवतो. हे दुःख नाही. तबकडीच हळू फिरून राहिली.” देवाजी उठून प्लेअरपाशी वाकला. “हे पहा. इथं तबकडीवर पंचेचाळीस लिहून आहे, म्हणजे मिनिटाले पंचेचाळीस फेरे. तुमचा खटका तेहतीसवर.”

तबकडीवरचा तो आकडा म्हणजे कंपनीचा काहीतरी नंबर असेल, असे श्रीधर धरून चालला होता. आणि खटक्याला त्याने कधी हातच लावला नव्हता. तिने ठेवलेली वस्तू जिथल्या तिथे राहू द्यायची, असा त्याचा नेम होता. तिने शेवटी भजनांची मोठी तबकडी लावली असणार आणि खटका तिथेच राहिला असणार.

“हलवू?” देवाजीने विचारले.

श्रीधरने मान डोलावली.

सुई टेकली आणि खोलीत एकदम धांदल उडाली. चारही वाद्ये एकमेकांच्या मागे धावत सुटली. पहिले व्हायोलिन खिदळत होते, दुसरे त्याची नक्कल करत होते, व्हायोला मधेच टपली मारून पळत होता. हे सरळसरळ नाचाचे संगीत होते. देवाजीच्या पायाने ठेका धरला.

“वहिनी तर मजेत होत्या, भाऊ!”

श्रीधर हसला. पाच वर्षांचा दगड छातीवरून उतरला. ती रडत नव्हती. बरे झाले, फार बरे झाले, असे त्याने दोनदा मनाशी म्हटले. सूर धावत राहिले आणि तो त्यांच्यात स्वतःला शोधू लागला. कुठेतरी वाट पाहणे असेल, कुठेतरी आठवण असेल. पण लांबून येणारा आवाज आता राहिलाच नव्हता. चेलोसुद्धा घरातच होता, बाकीच्यांबरोबर ठुमकत. तो गाडीवर गेला की ती दार लावून घेई आणि हे लावी. शंभर दुपारी. तिच्या त्या रडण्यात निदान तो होता. या हसण्यात त्याला बसायला जागा नव्हती.

देवाजीने सुई उचलली.

“एकदम कडक, भाऊ! अजून एक डाव लावू?”

“लावा,” श्रीधर म्हणाला आणि त्याने टिपणाचे पहिले पान पुन्हा उघडले. “पण खटका आधी होता तिथे न्या.”