शेतघरातल्या दोन खोल्या

"तुला रजा काढायला नको, धावपळ नको," आई फोनवर म्हणाली. "म्हणून बाबांनी पुण्याहून निघणाऱ्या युरोप टूरमध्येच आमची नावं घातली. जेवणसुद्धा मराठी! हॉलंडला एक दिवस आहे. तू ट्यूलिपच्या बागेच्या गेटवर ये, अर्धा तास भेटू. चकल्या आणतेय."

माझ्यासमोर वही उघडी होती. पहिल्या दिवशी झुटफेनचा नदीकाठ. दुसऱ्या दिवशी हाटेम, बाबांना पवनचक्की आत शिरून बघता यावी म्हणून. तिसऱ्या दिवशी कुठेच नाही. शेतघर, गाई आणि आईशी गप्पा. चार वर्षं एकटीने फिरून ही गावं मी त्या दोघांसाठी राखून ठेवली होती. रजाही मंजूर झाली होती.

"बरं केलंत," मी म्हटलं.

मग शेतघराच्या डच आजींना फोन करून बुक केलेल्या दोन्ही खोल्या नकोत म्हणून सांगितलं.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "तुमच्या आई सकाळी आल्याचाच चहा घेतात ना? मी मुद्दाम आलं आणून ठेवलंय. किसायचं की ठेचायचं, तेवढं विचारायचं राहिलं होतं."



"ठेचायचं," मी म्हटलं. "आणि एक खोली राहू द्या, माझ्यासाठी."