अर्धा सूत उंच

"काका, तारांखालची ही पट्टी कुणी बसवली?" गिटार दुरुस्त करणाऱ्याने विचारलं.

"मीच. सुतार आहे मी. जुनी मोडली म्हणून शिसवाची केली."

"अर्धा सूत उंच झालीय. बार कॉर्डला एका बोटाने सहाही तारा दाबाव्या लागतात. अशाने कुणालाच जमणार नाही."

मी माझ्या बोटाकडे पाहिलं. लेक वारल्यापासून वर्षभर मीही तिच्या या गिटारवर तोच कॉर्ड दाबत होतो, तिचा शिकायचा राहिलेला. ती सुजलेलं बोट दाखवायची, "बाबा, वाजतच नाही हो." मी म्हणायचो, "जोर नाही तुझ्या बोटात. चार दिवस रंधा मार, म्हणजे येईल."

त्याने पट्टी घासली. सहाही तारा खणखणीत वाजल्या.

घरी येऊन तिची गिटारची वही उघडली. वाचायला मला तिनेच शिकवलं, साठाव्या वर्षी. अक्षर चुकलं तर माझा हात धरून गिरवून घ्यायची. ओरडली कधीच नाही. शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं, "बाबांचं खरंय. माझ्याच बोटात जोर नाही."

पेन्सिल घेऊन मी खाली लिहिलं, "पट्टी माझी चुकली, बाळा."