बापाच्या वाटचा नाच

वाल्झ सुरू झाला आणि यामिलेथनं बापापुढे हात केला. पंधराव्या वाढदिवसाला मुलीचा पहिला नाच बापाबरोबर. घरात दाणा असो नसो, एल साल्वादोर देशात ही रीत कोणी चुकवत नाही.

तिचा बाप एव्हेलिओ खुर्चीतून उठला नाही. भर दुपारी त्यानं शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती, तरी टोळीचं गोंदण कॉलरवरून डोकावत होतंच.

दाराशी चेपे उभा होता. त्याचा टोळीतला जुना जोडीदार, आज नजर ठेवायला आलेला. टोळीतून जिवंत सुटायची वाट एकच, चर्चची. एव्हेलिओनं ती धरली त्याला तीन वर्षं झाली होती. पण मग दारू नाही, बाई नाही, नाच नाही. एक जरी नेम मोडला तर देवाला फसवलं असं धरतात, आणि देवाच्या वतीनं शिक्षा टोळीच देते. देवाला यात कोणी विचारत नाही.

"पपा, ऊठ ना. सगळे बघतायत."

"माझ्या चर्चमध्ये चालत नाही, पोरी."

"दोन पावलं टाक नुसती. कोण मारणार आहे तुला?"

खरं सांगावं तर पोरीचा दिवस नासणार.

तिची आई, मारिसेला, तामालेसचं ताट ठेवून आली. "तू तुरुंगात होतास तेव्हा ही शाळेत सांगायची, बाप जहाजावर आहे. आज एक गाणं मागतेय तुझ्याकडे. एक."

यामिलेथचा हात तसाच पुढे होता. लोक कुजबुजू लागले. एव्हेलिओला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चेपे टोपी काढून आत आला आणि त्याच्या कानाशी वाकला. "शाब्बास, भावा. आता पटलं मला. वर तसंच सांगतो."

मग त्यानं यामिलेथपुढे हात धरला. "मी काका तुझा. चल, बापाच्या वाटचं मी नाचतो."

तिनं बापाकडे एकदा पाहिलं आणि चेपेचा हात धरला.

चेपे नाचायचा छान. दुसऱ्या फेरीला यामिलेथ हसली. एव्हेलिओ डोळे मिटून प्रार्थना म्हणू लागला, चेपेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.